पितळी बूच

मे महिन्यात येडगाव धरणाचं पाणी खाली जायला लागलं, की सगळ्या गावाच्या कपाळाला आठ्या पडत. कुंडलिकचं मात्र वेगळंच होतं. बाकीचे टोमॅटोच्या आणि उसाच्या काळजीनं पाण्याकडं बघत. कुंडलिकला काळजी होती ती पाण्याच्या खाली काय पडलंय त्याची. सकाळचा चहा झाला की दुकान उघडायच्या आधी तो मोटारसायकलला किक मारून काठावर जाई, जुन्या नदीच्या डोहावर अजून पाणी आहे का ते बघे, आणि आहे म्हटल्यावर सुटल्यासारखा माघारी येई. बारा वर्षं हा नेम चुकला नाही. लोक म्हणत, "भाऊला धरणाची लई काळजी." होतीच की! पण ती कसली, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

कुंडलिक हा पाणबुडी मोटारींचा फिटर. येडगाव-नारायणगाव रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान, आत तांब्याच्या तारांची भेंडोळी आणि भिंतीला टेकवलेल्या लांब लांब मोटारी. त्याच्या हाताला यश होतं, हे खोटं नाही. पंचक्रोशीत कुणाची मोटार बसली की पहिला फोन त्यालाच.

आता ही पाणबुडी मोटार म्हणजे मोठं चमत्कारिक जनावर. काठावरची मोटार बिघडली तर तिला हात लावता येतो, वास घेता येतो, कान देऊन कुठं खरखरतंय ते ऐकता येतं. ही बया राहते चाळीस-पन्नास फूट पाण्याखाली, गाळात, अंधारात. तिच्या मनात काय चाललंय ते वरच्याला कळतं फक्त तीन तारांवरून आणि पाइपातून पडणाऱ्या धारेवरून. एकदा खाली सोडली की लहानशी चूक दुरुस्त करायलासुद्धा पाइप, दोर, केबल सगळं लटांबर वर ओढायचं. म्हणून जे काही करायचं ते ती वर असतानाच, निगुतीनं.

त्यात दोन कामं जिवाची. एक म्हणजे जोड. मोटारीतून निघालेल्या तारा आणि वरून येणारी केबल जिथं एकत्र येतात ती जागा कायम पाण्यात राहते. तिथं थेंब शिरला की खेळ संपला. दुसरं काम मोटारीला पाणी पाजण्याचं. हसू नका. ह्या मोटारीच्या पोटात पाणीच असतं, आणि ते लागतंच. स्वच्छ गाळलेलं पाणी वरच्या भोकातून भरायचं, मोटार हलवून हलवून आतली हवा बाहेर काढायची, परत भरायचं, आणि मग भोकाला पितळी बूच लावून पान्यानं आवळायचं. ते पाणी तिला थंड ठेवतं, बेअरिंगला तेलासारखं चालतं. पण भोक उघडं राहून धरणाचं गढूळ पाणी आत गेलं, तर आतली रेती बेअरिंग खाते आणि चार-पाच दिवसांत मोटार जळते.

पाणी पाजायचं काम कुंडलिकचं. जोड करायचं काम राजरत्नचं.

राजरत्न कुंडलिकपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. वरच्या बौद्ध वस्तीतला. ऐन पंचविशीत दुकानात आला आणि अठरा वर्षं टिकला. पहिली दोन वर्षं मदतनीस, पुढची सोळा बरोबरीचा भागीदार. त्याचा जोड बघायला माणसं थांबत. आधी साबणानं हात धुणार, उन्हात धरून कोरडे करणार. तिन्ही तारा तीन वेगळ्या लांबीला कापणार, म्हणजे एक जोड दुसऱ्याच्या अंगाला लागू नये. मग रबरी टेप अशी ताणून गुंडाळायचा की तिचा वेढा दिसायचाच नाही, सगळी एकजीव. तेवढा वेळ तोंडातून शब्द नाही, कारण तोंडाची वाफ तारेवर पडते म्हणायचा. जोड झाला की रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा आणि सकाळी मेगर, म्हणजे वीज गळते का ते काट्यावर दाखवणारं यंत्र, लावून तपासायचा. सोळा वर्षांत त्याचा एकही जोड पाण्यानं फोडला नव्हता.

आणि राजरत्न बुडी मारी. धरणातल्या मोटारीच्या जाळीला शेवाळ, गोणपाट, काय काय येऊन बसतं. तो कमरेला दोर बांधून खाली जायचा आणि हातानं साफ करून यायचा. दोराचं दुसरं टोक कुंडलिकच्या हातात. एक हिसका म्हणजे ढील दे, दोन हिसके म्हणजे ओढ. कुंडलिकला स्वतःला गुडघाभर पाण्याची भीती. पण राजरत्न खाली असला की तो डोळ्याची पापणी लववायचा नाही. "भाऊच्या हातात दोर आसल तर मी पाताळात जाईन," असं राजरत्न चारचौघांत म्हणायचा. ते आठवलं की कुंडलिकला आजही जेवण जात नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गेणभाऊ म्हणजे गावातला वजनदार बागायतदार, आवाज मोठा, हौस त्याहून मोठी. त्यानं आणि आणखी सहा शेतकऱ्यांनी मिळून धरणातून पाइपलाइन केली. मोटार बसवायची होती जुन्या नदीच्या डोहात, म्हणजे पाणी कितीही खाली गेलं तरी ती उघडी पडू नये. चाळीस फूट खोल. पिंपांचा तराफा बांधला, वर मोटार टांगायला लोखंडी घोडी उभी केली. राजरत्नचा जोड आदल्या दिवशीच झाला होता, बादलीतून निघून मेगरला पास झाला होता. सकाळी कुंडलिकनं मोटारीला पाणी पाजलं, आणि हवा निघू दे म्हणून बूच काढून दातांत धरून तो थांबला. ही त्याची सवयच. खिळा, स्क्रू, बूच, जे असेल ते दातांत.

तेवढ्यात गेणभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन तराफ्यावर आला. "मुहूर्त चाललाय, राव! आटपा लवकर. आधी तोंड ग्वाड करा!" म्हणत त्यानं कुंडलिकच्या तोंडापाशी पेढा धरला. कुंडलिकनं दातांतलं बूच काढलं, शर्टाच्या खिशात टाकलं, आणि पेढा खाल्ला. लगोलग नारळ फुटला, काठावरच्या बायांनी हळदकुंकू वाहिलं, सातही घरची माणसं ओरडायला लागली, "सोडा, सोडा!" मोटार घोडीवर चढली.

राजरत्न खालच्या बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "भाऊ, बूच?"

कुंडलिकला वाटलं आवळलंय. अगदी खरं सांगायचं तर त्यानं नीट आठवूनही बघितलं नाही. एवढ्या लोकांत आपल्याला कुणी विचारावं ह्याचाच त्याला राग आला. "आता तू मला शिकवतो का रं?" तो म्हणाला. लोक हसले. राजरत्नही ओशाळून हसला आणि त्यानं दोर सोडला. मोटार खाली गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिकची बायको अंबाबाई मोरीत कपडे धूत होती. तिनं ओल्या हातानं एक वस्तू पुढं केली. "खिशात व्हतं तुमच्या. पितळंचं दिसतंय, कामाचं हाय का?"

बघता क्षणी कुंडलिकला सगळं कळलं. मोटार त्या वेळी चालू होती, धार जोरात पडत होती, गेणभाऊ सगळ्या गावाला पाणी दाखवत हिंडत होता. त्याच घटकेला जाऊन "बंद करा, वर काढा, माझी चूक झाली" म्हटलं असतं तर मोटार वाचली असती. एक दिवसाचं काम होतं. लोक दोन दिवस थट्टा करून विसरले असते. पण ज्या माणसानं पंचवीस वर्षं कुणाकडून चूक ऐकून घेतली नव्हती, त्याची जीभ उचलेना. चालंल, पंपाला जाळी हाय, एवढा गाळ जायचा न्हाई, असं त्यानं स्वतःला समजावलं. फिटर माणसानं असं स्वतःला फसवावं! दुसऱ्या कुणी हेच केलं असतं तर कुंडलिकनंच त्याला चार शिव्या हासडल्या असत्या.

पाचव्या दिवशी मोटार बसली. मेगर लावला तर काटा शून्यावर. शून्य म्हणजे कुठं तरी पाणी शिरलं. जोडात की मोटारीत, हे वर काढल्याशिवाय कळत नाही. वर काढायला गेले, तर मोटार गाळात रुतलेली. ओढता ओढता पाइपाचं कपलिंग सुटलं, दोर तुटला, केबल तुटली आणि मोटार डोहात गेली. दोन दिवस गळ टाकून बघितले, हाताला काही लागलं नाही.

काठावर सातही जण गोळा झाले. गेणभाऊ तापला होता. "कुंडलिक, खरं सांग. कशानं जळली?"

कुंडलिकच्या विजारीच्या खिशात ते बूच होतं. त्यानं राजरत्नकडं बघितलं नाही. "पाणी शिरलं," तो म्हणाला. "जोड राजरत्ननं केला व्हता."

बघा, ह्यात एक शब्द खोटा नाही. पाणी शिरलंच होतं, आणि जोड राजरत्ननंच केला होता. दोन खऱ्या वाक्यांनी माणूस असा बुडवता येतो. राजरत्न म्हणाला, "माझ्या जोडात पाणी जायचं न्हाई." एवढंच म्हणाला, आणि कुंडलिककडं बघत राहिला.

लोकांनी ते लगेच खरं मानलं. इतक्या लगेच मानलं त्याला जोडापेक्षा दुसरं कारण होतं. ते कुणी तोंडानं बोललं नाही, पण कुंडलिकला ते ठाऊक होतं, आणि बोलताना त्यानं त्याचाच आधार घेतला होता. चूक वरच्या वस्तीतल्या माणसाची असली की गावाला ती पटायला वेळ लागत नाही. महिन्याभरात "त्याचा जोड गळतो" हे वाक्य नारायणगावच्या बाजारापर्यंत गेलं. गिऱ्हाइकं सांगू लागली, "भाऊ, जोड तुमीच करा, त्याला नका लावू." कुंडलिक मुकाट करायचा. एक दिवस राजरत्ननं आपला चाकू, पकड आणि टेपचा डबा पिशवीत भरला. "येतो, भाऊ," म्हणाला. दोन्ही डोळ्यांत पाणी होतं आणि एका कानात कापसाचा बोळा. कान कशानं दुखतोय, एवढंही कुंडलिकनं विचारलं नाही. राजरत्न बायको-पोरीला घेऊन सासुरवाडीला गेला, तिकडं आंबेगावात, तळेघरच्या पुढच्या एका वाडीत. भात-नाचणीचा मुलूख. पाणबुडी मोटारीचं ज्याला वेड, तो तिकडं पंचायतीचे हातपंप दुरुस्त करतो असं मागाहून कानावर आलं.

बारा वर्षं अशी गेली. कुंडलिकचं दुकान वाढलं, नाव वाढलं. बूच त्यानं फेकलं नाही. दोनदा धरणात टाकायला म्हणून घेऊन गेला आणि दोन्ही वेळा माघारी आणलं. गल्ल्याच्या मागं एका डबीत ते पडून होतं.

आणि यंदा धरणानं तळ दाखवला. कालव्याची आवर्तनं लांबली, ऊन करपवून टाकणारं, आणि मेच्या शेवटी डोहाचं नुसतं डबकं राहिलं. एका सकाळी कुंडलिक काठावर गेला तर चिखलातून लांबट काहीतरी वर आलेलं, आणि भोवती माणसं. गेणभाऊ आता काठी टेकत चालतो, पण आवाज तोच. "आरं कुंडलिक, ये ये! आपली मोटार सापडली! उघड बरं, बघू तरी काय झालं व्हतं."

पळून जावं असं त्याला वाटलं. पण पाय आपोआप चिखलात उतरले. चाकू त्याच्याच हातात दिला गेला. केबल तुटली होती ती जोडाच्या वीतभर वर; जोड जसाच्या तसा. त्यानं टेप उभी चिरली. आत तांबं सोन्यासारखं लखलखीत. बारा वर्षं चाळीस फूट पाण्याखाली राहून त्या जोडात दवाइतकंही पाणी गेलं नव्हतं. कुंडलिकनं ते बोटानं पुसून बघितलं. कोरडं ठणठणीत. मग त्यानं मोटारीच्या तोंडाशी बोट नेलं. बुचाच्या भोकात गाळ गच्च बसला होता.

"जोड चांगला हाय की," कुणीतरी म्हणालं. "मंग जळली कशानं?"

"माझ्यामुळं," कुंडलिक म्हणाला. "माझ्यामुळं जळली. बूच लावायचं मी इसरलो व्हतो. राजरत्नचा काय दोष नव्हता."

त्याला वाटलं होतं आता आभाळ कोसळेल. गेणभाऊ हसला. "हात तिच्या! आन् आमी त्या बिचाऱ्याला नावं ठिवली. जाऊ दे, राव, बारा वरसं झाली. आता भंगारातच घालायची." दुसऱ्यानं मोबाइलवर फोटो काढला. तिसऱ्यानं विचारलं, "राजरत्न म्हंजे कोण रं?" कुंडलिक चिखलात तसाच उभा राहिला. एका माणसाचं आयुष्य ज्या गोष्टीनं उलटंपालटं झालं, ती गोष्ट गाव कधीच विसरून गेलं होतं.

घरी येऊन त्यानं अंबाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "मला ठावं हाय," ती म्हणाली. "ते पितळी बूच माझ्याच हातानं दिलं नव्हतं का तुमास्नी? वाट बघून बघून मीबी गप बसले. चूक माझीबी हाय. पण गावापुढं बोलून काय उपेग? ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघाला. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं भीमाशंकरची एसटी. तळेघरला उतरल्यावर पुढं तासभर चाल. भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबांचे काळे चौकोन दोन्ही बाजूला, वर ऊन, आणि खिशातल्या बुचावर हात. काय बोलायचं ते त्यानं एसटीत शंभरदा घोकलं होतं. राजरत्ननं शिव्या दिल्या तर खायच्या, हात उगारला तर उगारू द्यायचा, आणि मग म्हणायचं, चल माघारी, दुकान तुझंच हाय.

वाडीत शिरताच त्याला गर्दी दिसली. पंचायतीनं पाण्यासाठी बोअर घेतलं होतं आणि त्यात मोटार सोडायची होती. घोडीजवळ तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी मांडी घालून केबल सोलत होती. तिच्या शेजारी राजरत्न. केस पांढरे, अंगानं वाळलेला. मुलगी हात पुढं करी आणि तो तिच्या हातात टेप देई. जोड ती करत होती. सोळा वर्षं कुंडलिकनं ज्याचा जोड बघितला तो माणूस टेप धरून बसला होता.

कुंडलिक त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. "राजरत्न," तो म्हणाला. उत्तर नाही. घोकलेलं सगळं त्यानं तसंच बोलायला सुरुवात केली, "माझं चुकलं, बूच मी..." राजरत्न टेपचं टोक नखानं सोडवत राहिला. मुलीनं वर बघितलं. "काका, त्या कानानं त्यांना ऐकू येत न्हाई. ह्या बाजूला या."

राजरत्ननं मान वळवली. क्षणभर त्याला ओळख पटली नाही, मग पटली. "भाऊ," तो म्हणाला आणि उठून उभा राहिला. "पोरी, पाणी आण पावण्यास्नी. ही साक्षी, भाऊ. माझी लेक. वायरमनचा आयटीआय केलाय."

साक्षी पाणी आणायला गेली. कुंडलिकनं खिशातलं बूच काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. राजरत्ननं ते बोटांत फिरवून बघितलं. चेहऱ्यावर राग नाही, नवल नाही.

"खिशात व्हतं?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्या दिवशीच सापडलं व्हतं," कुंडलिक म्हणाला. "मोटार जळायच्या आधी. मला सगळं ठावं व्हतं, राजरत्न. तरी मी तुझं नाव घेतलं."

"मलाबी ठावं व्हतं, भाऊ. बूच नव्हतं ह्ये ठावं व्हतं." राजरत्न शांतपणे म्हणाला. "गळ टाकून लोकं घरला गेली, त्याच्या दुसऱ्या दिशी दुपारी मी तराफ्यावरनं खाली गेलो. दगूड धरून. पयल्या बुडीला न्हाई घावली. तिसऱ्या बुडीला घावली. हातानं चाचपलं. जोड घट व्हता. मंग भोकाला बोट लावलं, तर बोट आत गेलं." त्यानं डाव्या कानाला हात लावला. "ह्यो तवाच फुटला. लई खोल व्हतं."

"दोर?" कुंडलिकनं विचारलं. "दोर कुणी धरला व्हता?"

"कुणी न्हाई."

कुंडलिक तिथंच जमिनीवर बसला. चाळीस फूट पाण्यात, कमरेला दोर नाही, वर माणूस नाही. आणि जो दोर धरायचा तो त्या दुपारी दुकानात पंख्याखाली बसून गिऱ्हाइकाला चहा पाजत होता. तो रडायला लागला, अगदी लहान पोरासारखा. "मंग बोलला का न्हाईस? गावात वरडून का न्हाई सांगितलंस?"

"मी सांगून कुणाला पटलं असतं, भाऊ? तुमचा शब्द आन् माझा शब्द." राजरत्न म्हणाला. "आन् मला वाटायचं, तुमी सांगाल. आज न्हाई तर उद्या. पिशवी भरत व्हतो तवाबी वाटत व्हतं. हितं आल्यावर दोनेक वरसं एसटीतनं कोण उतरलं का बघायचो. मंग सोडून दिलं."

कुंडलिकनं डोळे पुसले. "चल माघारी. दुकानावर तुझं नाव लावतो. गावाला मी सांगितलंय."

"गावाचं काय करू आता?" राजरत्न म्हणाला. त्यानं पाण्याचा तांब्या घेऊन येणाऱ्या साक्षीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "पोरगी अकरा वरसांची व्हती. शाळेत पोरं म्हनायची, तुझ्या बापाचा जोड गळतो. तिनं मला कधी इचारलं न्हाई. पण आयटीआय झाल्यापास्नं मला जोडाला हात लावू देत न्हाई. 'ऱ्हाऊ द्या पप्पा, मी करते,' म्हनती. लई मायेनं म्हनती. एकदा मी केलेला जोड तिनं माझ्या माघारी उकलून परत केला. मी बघितलं, बोललो न्हाई. आता बाप म्हनला माझा जोड चांगला व्हता, तर त्याला काय अर्थ? सांगायचं असंल तर तिला सांगा."

म्हणजे बारा वर्षं त्या दोन वाक्यांचं पाणी ह्या घरात झिरपत होतं. साक्षीनं तांब्या पुढं केला. कुंडलिकनं तो घेतला नाही. तो उभा राहिला आणि सगळं सांगितलं, वाडीची माणसं ऐकत असताना, काही न गाळता. पेढा सांगितला, खिसा सांगितला, अंबाबाईनं दिलेलं बूच सांगितलं. काठावर काय बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं. काल उघडलेल्या जोडात तांबं कसं चमकत होतं तेही सांगितलं. "तुझ्या बापासारखा जोड मी जल्मात बघितला न्हाई," तो म्हणाला. "आन् त्यानं तुला ह्ये कधी सांगितलं न्हाई, तेबी माझ्याचमुळं."

साक्षीचा चेहरा लाल झाला होता. तिनं वडिलांकडं बघितलं, मग अर्ध्यात सोडलेल्या जोडाकडं. मग चाकू उचलून तिनं आपलाच जोड कापून टाकला, आणि चाकू, टेप वडिलांच्या पुढं धरली.

"पप्पा, हा तुमी करा."

राजरत्ननं लगेच हात पुढं केला नाही. "हात ऱ्हायला न्हाई आता, बाळा," तो म्हणाला. "करा," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मग तो बाजूला गेला, साबणानं हात धुतले, आणि उन्हात धरून उभा राहिला. वाडीतल्या कुणाला कळेना हा काय करतोय. कुंडलिकला कळत होतं. राजरत्न बसला, तीन तारा तीन लांबीला कापल्या, तोंड मिटलं आणि टेप ताणली. पहिला वेढा सैल बसला, टेप सरकली. त्यानं ती सोडवली आणि परत धरली.

केबल ताणून धरल्याशिवाय वेढा नीट बसत नाही. सोळा वर्षं ती कुंडलिकनं धरली होती. त्याचे हात आपोआप पुढं झाले. गुडघे टेकून त्यानं केबल उचलली.

राजरत्ननं मान वर केली. जोड करताना तो कधी बोलत नसे. आज बोलला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. साक्षी धरंल."

कुंडलिकनं केबल खाली ठेवली. साक्षीनं ती उचलली आणि दोन्ही हातांनी ताणून धरली. बापलेक जोडावर वाकले. कुंडलिक बाजूच्या दगडावर जाऊन बसला. परतीच्या एसटीला अजून दोन तास होते.